स्प्रिंग बसते म्हणजे काय?

‘मॅगझीन’ हा शब्द दिवाळी अंकाच्या वाचकाला परका नाही. मात्र त्याचा मूळ अर्थ कोठार. अरबीतल्या ‘मखझन’पासून इटालियन-फ्रेंच वळणं घेत तो इंग्रजीत गेला, आपला ‘खजिना’ही त्याच कुळातला. आधी मालाचं कोठार, मग दारूगोळ्याचं कोठार, आणि १७३१ साली एडवर्ड केव्हनं लंडनमध्ये ‘द जंटलमन्स मॅगझीन’ काढलं तेव्हा लेखांचं कोठार. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती गोळ्यांची पत्र्याची डबी, तिलाही मॅगझीनच म्हणतात. हा लेख त्या डबीबद्दल आहे. आणखी नेमकं सांगायचं तर डबीतल्या एका स्प्रिंगबद्दल.

पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मी स्प्रिंगा केल्या. इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या, क्लचच्या, ब्रेकच्या. बंदुकीशी माझा कधी संबंध आला नाही. गेल्या हिवाळ्यात मुलीकडे अमेरिकेत गेलो. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात त्यांचं घर आहे. एका शनिवारी जावई जरा संकोचत म्हणाले, “बाबा, तुमच्या विषयातलं एक विचारायचं होतं.” त्यांनी मला झोपण्याच्या खोलीत नेलं आणि पलंगाशेजारच्या टेबलावरची पोलादी पेटी उघडली. आत नऊ मिलिमीटरचं पिस्तूल होतं. मला ते घरात आहे हेही ठाऊक नव्हतं. मुलीला होतं, तिनं मला सांगितलं नव्हतं.

त्यांचा प्रश्न असा : आजूबाजूला एक घरफोडी झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, हे मॅगझीन पंधरा गोळ्यांनी भरलेलं आहे. आतली स्प्रिंग दोन वर्षं दाबलेल्या स्थितीत आहे. ऐन वेळी ती दगा देईल का? गोळीबाराच्या सरावाच्या ठिकाणी भेटणारे लोक दोन तट करून भांडतात. एक म्हणतात, दर महिन्याला मॅगझीन रिकामं करून स्प्रिंगला ‘विश्रांती’ द्या. दुसरे म्हणतात, काही गरज नाही.

हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणाला पडत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवायला चपला झिजतात, नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सर्वसामान्य नागरिकाला निषिद्धच आहे, आणि निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. अमेरिकेत नेमकं उलट. राजधानी वॉशिंग्टनमध्ये असा नियम होता की घरातलं हत्यार रिकामं आणि सुटं करून ठेवावं, नाहीतर त्याच्या चापाला कुलूप घालावं. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘हेलर’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम रद्द केला. स्वसंरक्षणासाठी घरात वापरायच्या स्थितीत पिस्तूल ठेवणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. हक्क मिळाला की त्याच्या मागोमाग देखभालही येते.

त्यांनी आधी मॅगझीन बाहेर काढलं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं असल्याचं मला दाखवलं. गोळ्या एकेक करून काढल्या, तळाची झाकणपट्टी सरकवली आणि स्प्रिंग माझ्या हातावर ठेवली. हातात आल्यावर मला बरं वाटलं. निदान ही वस्तू माझ्या ओळखीची होती. जेमतेम मिलिमीटरभर जाडीची तार, पण वेटोळी गोल नाहीत, डबीच्या आकाराची लांबट. मोकळी असताना ती डबीपेक्षा कितीतरी लांब. पंधरा गोळ्या भरल्या की ती तळाशी बोटभर उंचीत गोळा होते.

बाहेरून बघताना आपल्याला वाटतं स्प्रिंग दाबली जाते. वेटोळ्याच्या स्प्रिंगमधली तार मुख्यतः दाबली जात नाही, पिळली जाते. ओलं धोतर पिळताना त्याला जो पीळ पडतो तसा पीळ तारेला तिच्या सगळ्या लांबीभर पडतो. वेटोळी जवळ येतात तो त्या पिळाचा परिणाम. पीळ सोडला की तार पूर्ववत होते, मात्र एका मर्यादेपर्यंतच.

रॉबर्ट हूकनं हे १६७६ साली मांडलं, पण श्रेय कोणी पळवू नये म्हणून उलगडून सांगितलं नाही. दुसऱ्याच विषयावरच्या पुस्तिकेच्या शेवटी एका लॅटिन वाक्यातली अक्षरं वर्णानुक्रमे लावून छापली आणि दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, कोडं सोडवून दाखवलं. जितकी ओढ तितकं बळ, एवढाच त्याचा आशय. मर्यादा कुठे संपते याचा अभ्यास पुढच्यांनी केला. त्या मर्यादेला स्थितिस्थापक मर्यादा म्हणतात. तिच्या आत राहिलात तर स्प्रिंग आपल्या मूळ लांबीवर परत येते. ओलांडलीत की थोडी आखूड होऊन परत येते. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द आहे : स्प्रिंग ‘बसली’. सोफ्याची बसते, पलंगाची बसते, जुन्या स्कूटरच्या सीटची तर हमखास.

आता खरा मुद्दा. स्प्रिंग बसते ती किती काळ दाबली यामुळे, की किती जोरात दाबली यामुळे? सरावाच्या ठिकाणचं सगळं भांडण या दोन गोष्टींची गल्लत केल्यानं होतं.

मुख्य उत्तर : किती जोरात, यामुळे. मर्यादेच्या आत ताण असेल तर एक दिवस आणि दहा वर्षं यांत नेहमीच्या तापमानाला फारसा फरक पडत नाही. दारात उभ्या असलेल्या मोटारीकडे बघा. तिच्या चारही चाकांवरच्या स्प्रिंगा गाडीचं वजन रात्रंदिवस उचलून असतात. रात्री कोणी गाडी जॅकवर चढवून स्प्रिंगांना विश्रांती देत नाही. पंधरा वर्षांनी गाडी थोडी खाली आलेली असते, नाही असं नाही. पण खड्ड्यांत आपटून आपटून.

‘फारसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पूर्ण शून्य म्हणणारे दुसऱ्या तटाचे लोकही तितके बरोबर नाहीत. मर्यादेच्या जवळचा ताण सतत राहिला तर पोलादाच्या आत अणूंच्या रचनेतले दोष हळूहळू सरकतात आणि स्प्रिंगचं बळ किंचित उतरतं. आमच्या धंद्यात याला रिलॅक्सेशन म्हणतात; शिथिलन म्हणा. त्याची गंमत अशी की ते सगळं सुरुवातीलाच होऊन घेतं. पहिल्या काही तासांत जेवढं, तेवढंच पुढच्या काही दिवसांत, तेवढंच मग काही महिन्यांत. नव्या जोड्यासारखं : पहिल्या आठवड्यात सैल होतो, नंतर वर्षभर तसाच. तापमान वाढलं की ही गती वाढते. स्प्रिंगच्या साध्या कार्बन पोलादाच्या तारेला आम्ही साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे वापरत नसू. टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत हात भाजतो, तरी तो पारा याच्या बराच खाली राहतो. घरातल्या पेटीत तर प्रश्नच नाही.

कारखान्यात हे ठाऊक असल्यामुळे ती पहिली बैठक आम्ही आधीच करवून घेत असू. स्प्रिंग वळायची, भट्टीत ताणमुक्त करायची, आणि मग काही वेळा वेटोळ्याला वेटोळं चिकटेपर्यंत दाबायची. याला स्क्रॅगिंग म्हणतात. स्प्रिंग मुद्दाम थोडी जास्त लांब वळलेली असते. स्क्रॅगिंगमध्ये ती आखूड होऊन हव्या त्या लांबीला येते. या क्रियेत तारेच्या पृष्ठभागाजवळ असा उलटा ताण अडकून राहतो की पुढे दाबताना तो तिच्या मदतीला येतो. आपटून घेतलेला पोरगा पुढे सहसा रडत नाही, असं आमचे फोरमन म्हणत. शिक्षणशास्त्राचं मला माहीत नाही, पण स्प्रिंगच्या बाबतीत ते खरं आहे.

मग विश्रांतीची समजूत आली कुठून? माझा तर्क असा की ती घड्याळांतून आली. माझे वडील भिंतीवरच्या घड्याळाला दर रविवारी सकाळी आंघोळीनंतर चावी देत. आम्हां मुलांना त्याला हात लावायची बंदी : “जास्त चावी दिली तर स्प्रिंग जाईल.” त्या काळच्या घड्याळांच्या मुख्य स्प्रिंगा साध्या कार्बन पोलादाच्या पट्टीच्या असत, आणि त्या वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या राहून खरोखरच बसत किंवा तुटत. घड्याळजी त्या बदलून देत, तो त्यांचा नेहमीचा धंदा होता. गेल्या शतकाच्या मध्याला कोबाल्ट-निकेलचे मिश्रधातू आले आणि मनगटी घड्याळांपुरती ती तक्रार जवळपास संपली. समजूत मात्र राहिली, आणि घड्याळावरून पिस्तुलावर गेली. लोक उगाच काही बोलत नाहीत. फक्त कालची खरी गोष्ट आजच्या वस्तूवर लावतात.

दाबणं-सोडणं वारंवार झालं की दुसरीच प्रक्रिया सुरू होते, ती म्हणजे धातूचा थकवा. मोटारीचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे करतं तेव्हा त्याची प्रत्येक व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला १५०० वेळा दबते. तासाला ९०,००० वेळा. तरी ती गाडीच्या आयुष्यभर टिकते, कारण तिच्यावरचा ताण मुद्दाम बराच कमी ठेवलेला असतो. हे ऐकून जावई म्हणाले, “मग मॅगझीनच्या स्प्रिंगचं काय घेऊन बसलात! ती वर्षात शंभर वेळा दबते.” इथे थांबायला हवं. आकड्याला आकडा लावून चालत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला जागा भरपूर असते. मॅगझीनमध्ये जागेचीच चणचण.

ती चणचण कशी वाढत गेली बघा. अमेरिकी सैन्यानं १९११ साली स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलात सात गोळ्या, एका रांगेत. १९३५ च्या ‘हाय पॉवर’मध्ये दोन रांगा आणि तेरा गोळ्या. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतलेल्या ग्लॉक १७ मध्ये सतरा. मूठ माणसाच्या हातात मावण्याइतकीच राहिली. म्हणजे गोळ्यांना जागा दिली ती स्प्रिंगच्या वाट्यातून. तीच उचल कमी जागेत द्यायची तर ताण मर्यादेच्या जवळ न्यावाच लागतो. अशी स्प्रिंग थकव्याच्या हिशेबात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून दर महिन्याला मॅगझीन रिकामं करून पुन्हा भरणं ही विश्रांती नाही, उलट मेहनत आहे. भरून ठेवा आणि तिला गप्प बसू द्या. ज्यांना फारच काळजी वाटते त्यांनी एक गोळी कमी भरावी. अगदी शेवटच्या गोळीला ताण सगळ्यात वर जातो, तेवढा वाचतो. पंधराच्या जागी चौदा ठेवल्यानं कोणाचं संरक्षण कमी झालं असं मला वाटत नाही. पण हे माझं मत, मी पोलीस नव्हे.

आजोबांनी महायुद्धावरून आणलेलं मॅगझीन पन्नास वर्षांनी जसंच्या तसं चाललं, अशी गोष्ट तिकडे प्रत्येक सरावाच्या ठिकाणी ऐकायला मिळते म्हणे. मी यावर विसंबणार नाही. जी चालली नाहीत त्यांची गोष्ट कोण सांगतो?

जावयांना मात्र नुसतं सांगणं पुरलं नाही, आणि मलाही हाताला काम हवंच होतं. एक नवी स्प्रिंग मागवली, मोकळी असतानाची तिची लांबी पट्टीवर मोजली, मॅगझीन भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून पाहिली तर डोळ्यांना दिसेल इतकी आखूड झालेली. जावयांचा चेहरा उतरला. “बघा, एका रात्रीत!” मी म्हटलं, आठवडाभर थांबा. आठवड्यानं अगदी थोडी. पुढच्या दोन महिन्यांत मला पट्टीवर फरक वाचता आला नाही. म्हणून स्प्रिंगची तुलना कोऱ्या स्प्रिंगशी करू नये. ती नेहमीच बसलेली वाटणार. पहिली बैठक झाल्यावर मोजावी, तो आकडा लिहून ठेवावा आणि पुढे तिची तिच्याशीच तुलना करावी.

खरी बिघडते ती स्प्रिंग नव्हे, तिच्या भोवतीचं सगळं. मॅगझीनच्या वरच्या तोंडाला पत्र्याच्या दोन वळलेल्या कडा असतात, त्या गोळीला धरून ठेवतात. मॅगझीन फरशीवर पडलं आणि एक कड जराशी फाकली, तर गोळी वेड्यावाकड्या कोनात वर येते. आत कापसाचा बारीक पुंजका, धूळ, जास्तीचं तेल साचलं, तर गोळ्यांखालचा प्लॅस्टिकचा पाट अडखळतो. तेल तर आत घालूच नये : धूळ धरतं, काडतुसापर्यंतही पोचतं. कोरड्या फडक्यानं पुसणं पुरे. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाऊन परत येते त्याला सेकंदाचे काही शतांश लागतात; तेवढ्यात स्प्रिंगनं पुढची गोळी जागेवर आणलेली हवी. मॅगझीन रिकामं होत आलं की स्प्रिंग सैल झालेली असते, तिचं बळ सर्वांत कमी. म्हणून स्प्रिंग खरंच बसली असेल तर बऱ्याचदा शेवटच्या एक-दोन गोळ्यांना कळतं : गोळी नाक खाली घालून अडकते, किंवा शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहायला हवी ती पुढे येते. असं दिसलं की स्प्रिंग बदलायची. थोडक्या डॉलरांत मिळते.

ती हातानं ओढून लांब मात्र करायची नाही. ही खोड आपल्याकडेही आहे. टॉर्चची, लायटरची, पेनाची स्प्रिंग आपण सगळ्यांनी ओढलेली आहे. ओढल्यावर लांब दिसते, पण स्क्रॅगिंगनं तारेत अडकवून दिलेला मदतीचा ताण आपण त्याच क्षणी पुसून टाकतो. चार दिवसांत ती आधीपेक्षा वाईट बसते.

अति काळजीचाही एक तोटा जावयांना माहीत नव्हता. ते दर रविवारी पिस्तूल रिकामं करून तीच वरची गोळी पुन्हा चेंबरमध्ये चढवत. दर वेळी गोळीचं टोक उतरणीवर आपटतं, आणि पितळी नळकांड्यात बसवलेली शिशाची गोळी हळूहळू आत ढकलली जाते. आतली जागा कमी झाली की स्फोटाचा दाब वाढतो. मी दुसऱ्या गोळीच्या शेजारी ती उभी केली, तर नुसत्या डोळ्यांना बुटकी दिसत होती. ती त्यांनी वेगळी काढून ठेवली आणि सरावाच्या ठिकाणी नेऊन टाकली. आठवडाभर मला ती बुटकी गोळीच दिसत होती.

असं सगळं झाल्यावर, परत ठेवताना, मी सहज पेटीचं झाकण ओढून पाहिलं. उघडलं. जावई म्हणाले, “आकडे दाबायला लागतात.” मी आकडे दाबले नव्हते. झाकण नुसतं टेकलेलं होतं. त्यांनी बटणं दाबली. दिवा लागला नाही, आवाज आला नाही. आतला बोल्ट विजेवर चालणारा, आणि बॅटरी संपलेली. ती कमी होत आली तेव्हा पेटी रात्री-अपरात्री पिकपिक करायची, म्हणून कधीतरी त्यांनीच बोल्ट उघडा ठेवून झाकण लावलं होतं, उद्या बॅटरी आणू म्हणून. किती दिवस झाले? त्यांना आठवेना. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, “नाताळच्या आधी.” म्हणजे तीन आठवडे तरी. माझी नात सहा वर्षांची आहे. आजोबांसाठी चष्मा शोधायला ती त्याच टेबलाचे खण उघडत असे.

कोणी मोठ्यानं बोललं नाही. टेक्सासचा कायदा या बाबतीत कडक आहे हे मला नंतर कळलं. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागलं आणि मोठ्यांनी ते कुलूपबंद ठेवण्याची वाजवी खबरदारी घेतलेली नसली, तर तो गुन्हा. चेंबरमध्ये गोळी आहे की नाही हे तो कायदा विचारात घेत नाही. मॅगझीन भरलेलं असलं की हत्यार भरलेलं. दोन वर्षं जावई स्प्रिंगच्या भरवशाचा विचार करत होते, आणि स्प्रिंग ठणठणीत होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी जाऊन दुसरी पेटी आणली, किल्लीचं यांत्रिक कुलूप असलेली. ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात भिंतीला बोल्टनं बसवली. बोल्ट मी आवळले. मुलीचं म्हणणं पिस्तूलच घरात नको. तो वाद मी तिथे असेपर्यंत मिटला नव्हता, आणि त्यात माझं ज्ञान काही उपयोगाचं नव्हतं. तडजोड अशी झाली की चेंबर कायम रिकामं, मॅगझीन बाहेर, दोन्हींची कुलपं वेगळी, आणि किल्ल्या दोघांकडे एकेक. ऐन वेळी याला दहा सेकंद जास्त लागतील असं जावई म्हणाले. मुलगी म्हणाली, लागू देत.

निघण्याआधी मी दोन्ही मॅगझीनच्या तळाशी मार्करनं क्रमांक घातले : एक सरावाचं, दोन घरातलं. सरावाच्या मॅगझीनमध्ये कुरकुर दिसली की त्याची स्प्रिंग बदलायची; घरातलं भरून कुलपात. तीन महिन्यांनी एकदा उघडून पुसायचं, लांबी मोजून वहीत लिहायची. गणपतीच्या सुमारास मुलीचा फोन आला तेव्हा तिनं वहीतला आकडा वाचून दाखवला. जानेवारीत लिहिला होता तोच होता. मग म्हणाली, “बाबा, त्याच्याखाली मी एक रकाना वाढवलाय. कुलूप ओढून पाहिलं, तारीख आणि सही. तो मी भरते.”